गोव्यातील खाजन जमिनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याच्या खाडीकाठच्या खाजन जमिनींविषयी सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांत शाळेचा प्रकल्प करणारे विद्यार्थी आहेत, वडिलोपार्जित शेताचा उतारा हाती घेऊन गोंधळलेले वारसदार आहेत आणि पावसाळ्यात पाणी का तुंबते हे समजून घेऊ पाहणारे शहरवासीही आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खाजन म्हणजे नेमके काय?

नदीच्या मुखाकडील खाडीच्या काठी असलेली, मुळात भरतीच्या पाण्याखाली जाणारी, पण बांध घालून आणि दरवाजे बसवून माणसाने शेतीयोग्य केलेली सखल जमीन म्हणजे खाजन. तिचा बराचसा भाग आजही भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतो. म्हणजे बांध नसेल तर दिवसातून दोनदा तेथे खारे पाणी येईल. खाजनाचे चार भाग असतात: पाणी अडवणारा बांध, पाण्याची ये-जा नियंत्रित करणारी मानस, मानशीच्या आतल्या बाजूला पाणी साठवणारी पोय, आणि प्रत्यक्ष शेत. यातला एक भाग बिघडला की उरलेले तीन फार काळ टिकत नाहीत. खाली येणाऱ्या बहुतेक उत्तरांचे मूळ याच गोष्टीत आहे.

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे आणि खाजन जमीन साधारण १८,००० हेक्टर, म्हणजे राज्याच्या सुमारे पाच टक्के मानली जाते. तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि फोंडा या तालुक्यांत ती विशेष आढळते. पेडणे, डिचोली आणि मुरगाव तालुक्यांतही ती आहे.

२. आमचे गाव समुद्रापासून बरेच आत आहे. तरी नदीचे पाणी खारे कसे?

गोव्याच्या नद्या सह्याद्रीतून उतरल्यावर थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात आणि त्यांच्या शेवटच्या टप्प्यात पात्राला उतार जवळजवळ राहत नाही. त्यामुळे भरतीचे पाणी मांडवी आणि जुवारीच्या पात्रांतून कित्येक किलोमीटर आत चढते. या दोन नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यातही दोन्ही बाजूंनी भरती शिरते.

खारेपणा मात्र वर्षभर सारखा नसतो. गोव्यात किनाऱ्यालगत वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला फार मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तेव्हा नद्यांना इतके पाणी असते की खाडीतले पाणी वरच्या थरात जवळजवळ गोडे होते. पाऊस ओसरला की समुद्र हळूहळू आत सरकतो आणि एप्रिल-मेमध्ये मुखाजवळचे पाणी समुद्राइतकेच खारट असते. खाजनाचे सारे वेळापत्रक या चढउतारावर बेतलेले आहे: पाणी गोडे असेल तेव्हा भात, खारे असेल तेव्हा मासळी आणि मीठ.

३. मानस कशी चालते? तिला रोज कोणी उघडझाप करावी लागते का?

रोजची उघडझाप बहुतांशी पाणी स्वतःच करते. मानस म्हणजे बांधातून काढलेली चिऱ्यांची चौकोनी वाट. तिच्या तोंडाशी लाकडी झडप वरच्या बाजूने टांगलेली असते आणि ती फक्त नदीच्या दिशेने उघडते. भरती चढू लागली की बाहेरचे पाणी झडपेला चौकटीवर दाबून धरते आणि वाट बंद होते. ओहोटीला बाहेरची पातळी पोयीच्या पातळीखाली गेली की आतल्या पाण्याचा दाब झडप बाहेर ढकलतो आणि शेतातले जास्तीचे पाणी नदीत निघून जाते. मोठ्या मानशीला अशी अनेक दारे शेजारी शेजारी असतात. खाऱ्या पाण्यात टिकते म्हणून परंपरेने झडपेसाठी माटाचे, म्हणजे ऐनाचे, लाकूड वापरले जाते.

झडप चौकटीवर घट्ट बसते की नाही, हे पाहण्यासाठी भरतीच्या वेळी आतल्या बाजूला उभे राहावे. कडेने पाण्याची बारीक धार येत असेल, तर चौकटीच्या कडा झिजल्या आहेत किंवा कालवांचे कवच चिकटून फट पडली आहे असे समजावे. ही धार वरवर क्षुल्लक दिसते. परंतु ती दिवसातून दोन भरत्यांना वाहते आणि हिवाळ्यानंतर तिच्यातून येणारे पाणी पूर्ण खारे असते. मानशीची निगा म्हणजे मुख्यतः या कडांची निगा, आणि त्यासाठी जबाबदार माणूस नेमलेला असावा लागतो. पूर्वी गावकारी ही गावसंस्था असा माणूस नेमत असे (प्रश्न ६ पाहा).

४. बांध सिमेंटचा केला तर प्रश्न कायमचा सुटणार नाही का?

ही सूचना अनेकजण मनापासून करतात, परंतु तिला मर्यादा आहेत. जुना बांध खाडीच्याच चिखलाचा असतो. चिखलात पेंढा आणि काटक्या मिसळून तो थरावर थर चढवतात, आणि जेथे मोठ्या नदीचा मारा थेट बसतो तेथे बाहेरच्या अंगाला जांभ्या दगडाची चिऱ्यांची भिंत रचतात. चिखलाचा बांध खाली बसतो, त्याला खेकडे बिळे पाडतात, म्हणून तो दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पाहावा आणि भरावा लागतो. त्याचा गुण असा की तो मऊ तळावर तळासोबत हलतो आणि त्याचा दुरुस्तीचा माल जागेवरच मिळतो.

खाडीचा तळ खोलवर मऊ चिखलाचा असल्यामुळे जड काँक्रीटची भिंत असमान खचण्याचा धोका असतो, आणि तिच्या पायाखालून पाणी झिरपू लागले तर ते बाहेरून लवकर दिसत नाही. काही ठिकाणी, विशेषतः मानशीच्या तोंडाशी, पक्के काम योग्यच आहे. परंतु पक्का बांध झाला म्हणून राखण नको, ही समजूत मी धोक्याची मानतो. लाटांचा मार कमी करण्यासाठी बांधाच्या बाहेर खारफुटीचा पट्टा राखणे हा सिद्ध झालेला उपाय आहे. मांडवी आणि जुवारीत खनिज वाहून नेणाऱ्या बार्जांच्या लाटांनी बांधांची झालेली झीज काठच्या गावांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे.

५. खाजने पोर्तुगीजांनी बांधली, असे ऐकले. ते खरे आहे का?

नाही. पोर्तुगीजांनी गोवा बेट १५१० साली जिंकले, तेव्हा ही व्यवस्था शेकडो वर्षे चालत आलेली होती. भोज राजांच्या काळातील, म्हणजे सुमारे सहाव्या शतकातील, ताम्रपटांत खाजन जमिनीचा उल्लेख सापडतो. त्यानंतर कदंब, बहामनी आणि आदिलशाही अशा सत्ता आल्या आणि गेल्या. बांध राखणारी गावे मात्र तीच राहिली.

पोर्तुगीज काळातही बांध घातले गेले. त्यांतला सर्वांच्या परिचयाचा म्हणजे पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा, १६३३-३४ च्या सुमारास दलदलीतून बांधलेला लांबलचक सेतुमार्ग, जो तेव्हाचा व्हाइसरॉय लिन्हारिस याच्या नावाने ओळखला जातो. आजही त्या रस्त्याच्या एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला जुन्या मिठागरांची दलदल दिसते.

६. गावकारी आणि कोमुनिदाद एकच आहेत का? खाजनाशी त्यांचा संबंध काय?

एकाच संस्थेची ही दोन रूपे आहेत. गावकारी ही गावच्या मूळ वसाहतदारांच्या घराण्यांची संस्था होती आणि जमीन तिच्या सामाईक मालकीची असे. शेताचे पट्टे लिलावाने ठरावीक मुदतीसाठी कसायला दिले जात, येणाऱ्या उत्पन्नातून सरकारी सारा, देवस्थान आणि बांधबंदिस्ती यांचा खर्च भागवला जाई, आणि उरलेले गावकारांत वाटले जाई. या वाट्याला जोण म्हणतात.

१५२६ साली आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकारीच्या चालीरीती लिहून काढल्या. या दस्तऐवजाला फोराल म्हणतात, आणि गावाच्या हक्कांची इतकी जुनी लेखी नोंद हाती असणे हे गोव्याचे भाग्य आहे. पुढे या संस्थेला कोमुनिदाद हे नाव पडले, तिच्यावर सरकारी देखरेख वाढत गेली आणि सध्या लागू असलेली कोमुनिदाद संहिता १९६१ साली, मुक्तीच्या काही महिने आधी, अमलात आली. आज गोव्यात दोनशेहून अधिक कोमुनिदाद आहेत.

या संस्थेचे दोष झाकण्याचे कारण नाही. गावकारपण जन्माने आणि पुरुषवंशाने चाले, आणि शेतात प्रत्यक्ष राबणाऱ्या अनेकांना तिच्यात स्थान नव्हते. तरी खाजनाच्या दृष्टीने तिच्याकडे एक मोठी गोष्ट होती: शेत, पोय, मानस आणि बांध यांचा हिशेब एकाच वहीत होता. मासळीचा पैसा बांधावर खर्च करण्यासाठी कोणाची समजूत काढावी लागत नसे.

७. कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कोणाकडे गेली?

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्यानंतर १९६४ साली कृषी कूळ कायदा झाला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी देण्याची तरतूद आली. पिढ्यानपिढ्या राबणाऱ्यांना हक्क मिळाला. हा न्यायच होता आणि त्यात शंका घेऊ नये.

बांधाचे मात्र तुकडे पाडून वाटप करता येत नाही. म्हणून १९७५ च्या नियमांनुसार कुळांच्या संयुक्त जबाबदाऱ्या पार पाडण्यासाठी कूळ संघटना, म्हणजेच टेनंट्स असोसिएशन, स्थापण्याची व्यवस्था झाली. बांधाची देखभाल, मानशीची दुरुस्ती आणि मानशीवरील मासेमारीचा लिलाव ही कामे या संघटनांकडे असतात. त्यांच्यावर मामलतदारांची देखरेख असते आणि मोठ्या दुरुस्तीसाठी कृषी संचालनालयाच्या मृदसंधारण विभागाकडे जावे लागते.

अडचण अशी झाली की अनेक गावांत नवे मालक शेतीवर पोट भरत नव्हते. कोणी नोकरीला गेले, कोणी परदेशी, कोणी जमीन पडीक ठेवली. शेत पडीक असले तरी मानशीचा लिलाव दरवर्षी होत राहिला. ज्या संघटनेत शेती करणारे सभासद अल्पसंख्य होतात, तेथे मासळीचे उत्पन्न हेच उद्दिष्ट होऊन बसते (प्रश्न १० पाहा). जेथे शेतकरी सभांना हजर राहतात आणि हिशेब मागतात, तेथे हीच संघटना उत्तम चालते. कायदा दोन्हीकडे एकच आहे.

८. खाऱ्या जमिनीत भात येते तरी कसे?

मिठाशी झुंजण्याचे काम पाऊस आणि बियाणे मिळून करतात. पहिल्या मोठ्या पावसांत शेतात साचलेले पाणी मातीतले मीठ विरघळवते आणि ओहोटीला मानशीतून बाहेर घेऊन जाते. हे काही वेळा झाले की वरचा थर भाताला मानवेल इतका गोडा होतो. त्यानंतर उभ्या पिकात पावसाचे पाणी धरून ठेवायचे असते, कारण वरून गोड्या पाण्याचा दाब राहिला तर खालचे खारे पाणी वर येत नाही.

तरीही थोडा खारेपणा राहतोच. तो सोसणाऱ्या स्थानिक जातींत कोरगुट ही सर्वांत प्रसिद्ध आहे; आसगो हीदेखील जुनी जात आहे. कोरगुट उंच वाढते, काही दिवस पाण्यात बुडाली तरी तग धरते, आणि तिचा तांबूस जाड तांदूळ पेजेसाठी आजही मुद्दाम मागितला जातो. तिचे उत्पादन सुधारित जातींपेक्षा कमी असते आणि पीक आडवे पडते. म्हणून जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खारेपणा सोसणाऱ्या ‘गोवा धान’ मालिकेतील जाती विकसित केल्या आहेत. माझे मत असे की सुधारित जात लावावी, परंतु ज्यांच्या घरी कोरगुटाचे बी आहे त्यांनी एक कुणगा, म्हणजे शेताचा तुकडा, तरी तिच्यासाठी राखावा. बी एकदा गावातून गेले की परत मिळवणे कठीण असते.

खाजनात पावसाळी हंगामाचे, म्हणजे सरदचे, एकच भात बहुधा घेता येते. वायंगण, म्हणजे हिवाळ्यातले दुसरे भात, गोड्या पाण्याची सोय असलेल्या शेतांतच होते. भात कापल्यावर खाजनाच्या उंच भागात मिरची, कांदे, वांगी अशी भाजी काही गावांत करतात. जुवारीकाठच्या आगशीची वांगी त्यामुळेच नावाजलेली आहेत. नव्या कणसांचा मान दोन्ही धर्मांत आहे: चतुर्थीच्या दिवसांत हिंदू घरांत नवे आणले जाते आणि ऑगस्टमध्ये चर्चमध्ये कणसांचे फेस्त होते.

९. खाजनात मीठ अजून पिकते का?

पिकते, पण फार थोड्या ठिकाणी. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हात आटवले की जानेवारी ते मे या काळात मीठ मिळते. पेडणे तालुक्यातील आगरवाडा हे गाव तर मिठागरांसाठीच ओळखले जाते. मजुरांची टंचाई, स्वस्त कारखानी मीठ आणि अवकाळी पाऊस यांमुळे बहुतेक आगरे बंद पडली. किंचित करडे गावठी मीठ अजून रस्त्याकडेला विकायला दिसते.

१०. मानशीवरील मासळीचा लिलाव कायदेशीर आहे का? आणि त्यामुळे शेत खराब होते, हा आरोप खरा आहे का?

लिलाव कायदेशीर आहे आणि तो या व्यवस्थेचा जुना भाग आहे. भरतीबरोबर आत आलेली सुंगटे, खेकडे, शेवटे, चोणक असे जीव पोयीत वाढतात. ओहोटीला पाणी बाहेर पडताना मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ते पकडले जातात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ये-जा जास्त असल्याने मासळीही जास्त मिळते. हा हक्क ठरावीक मुदतीसाठी लिलावाने दिला जातो.

आरोपही अनेक ठिकाणी खरा आहे. ज्याने मोठी रक्कम मोजून लिलाव घेतला, त्याला जास्तीत जास्त खारे पाणी आत यावे असे वाटते. म्हणून झडप उचलून ठेवली जाते, पोयीची पातळी वाढते आणि पाणी शेताच्या सीमेपर्यंत चढते. वेगाने येजा करणारे पाणी आतल्या बांधांचा पायाही खरवडते. शेतकऱ्याला हे कळते ते रोपे पिवळी पडल्यावर.

यावर उपाय लिलावाच्या अटींतच असतो. मानस कोणत्या महिन्यांत बंद राहील, पोयीत पाणी कोणत्या खुणेपर्यंत येऊ द्यायचे आणि अट मोडल्यास अनामत कशी जप्त होईल, हे करारात लिहून घ्यावे. पोयीत दगडावर खूण कोरलेली असेल तर वाद फार कमी होतात. तक्रार करायची असल्यास ती संघटनेकडे आणि मामलतदारांकडे लेखी, भरतीची वेळ आणि छायाचित्र यांसह करावी.

११. खाजनात मगरी असतात का? बोरीकडे मगरीची पूजा होते ती का?

कुंभारजुव्याचा कालवा आणि त्याच्या आसपासच्या खाडीत मगरींची वस्ती आहे. त्या गोड्या पाण्यातल्या जातीच्या असूनही येथे खाऱ्या पाण्यात राहतात, आणि बांधांच्या चिखलात ऊन खात पडलेल्या दिसतात.

फोंडा तालुक्यातील बोरी, दुर्भाट या भागांत पौष अमावास्येला मांगे थापणी होते. खाजनातल्या चिखलाची लांब मगर थापतात, तिच्या अंगावर शिंपल्यांचे खवले बसवतात, डोळ्यांच्या जागीही शिंपले लावतात आणि तिची पूजा करतात. मगर बांध राखते, शेत आणि माणसे यांना इजा करत नाही, अशी श्रद्धा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने मगर १९७२ पासून संरक्षित झाली. या गावांनी तिला त्याच्या कितीतरी आधीपासून जपले आहे.

१२. आमच्या खाजन शेतात खारफुटी वाढली आहे. ती कापून पुन्हा भात लावता येईल का?

परवानगीशिवाय कापू नये. शेत आपल्या नावावर असले, उताऱ्यावर भातशेती लिहिलेली असली आणि दहा वर्षांपूर्वी तेथे खरोखर भात होत असले, तरीही खारफुटी तोडणे गुन्हा ठरू शकते. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांनी खारफुटीला सर्वोच्च संरक्षण दिले आहे आणि वृक्षतोडीसाठी गोव्याच्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते.

शेतकऱ्याची तक्रार मला रास्त वाटते. बांधाबाहेरची खारफुटी बांधाला वाचवते, तर बांधाच्या आतली खारफुटी हे बहुधा बांध फुटल्याचे किंवा मानस निकामी झाल्याचे लक्षण असते. भरतीचे पाणी बियाणे आत आणते आणि दोन-तीन वर्षांत रोपे कमरेएवढी होतात. काही प्रकरणांत मानस मुद्दाम नादुरुस्त ठेवून जमीन पडीक दाखवली जाते, असेही आरोप होत आले आहेत. म्हणून नियमांत खाजनासाठी स्वतंत्र व्यवस्थापन आराखड्याची अपेक्षा आहे. तो गावपातळीवर होऊन खाजनाच्या आतल्या खारफुटीचा निर्णय त्यात स्पष्टपणे घेतला गेला, तरच हा पेच सुटेल.

तोपर्यंत व्यावहारिक सल्ला एवढाच: पहिली रोपे दिसताच, ती लहान असताना, संघटनेमार्फत मानस आणि बांध तपासून घ्यावेत आणि वन खात्याला लेखी कळवावे.

१३. माझी जमीन खाजन आहे की नाही, हे कागदावर कसे ओळखावे?

महाराष्ट्रात जसा सातबारा, तसा गोव्यात नमुना एक व चौदाचा उतारा, ज्याला लोक ‘एक-चौदा’ म्हणतात. त्यात लागवडीखालील क्षेत्राची वर्गवारी असते आणि जिरायत, बागायत, तरी यांच्यासोबत खाजन, केर आणि मोरड असे रकाने येतात. मोरड ही उंच जागेतली, केर ही मधल्या पातळीवरची हलकी आणि खाजन ही सर्वांत सखल जमीन. खाजनाच्या रकान्यात क्षेत्र असेल तर पुढचा प्रश्न उरत नाही.

रकाना रिकामा असला तरी जमीन खाजन नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही. मोजणीच्या वेळी अनेक ठिकाणी खाजनातले क्षेत्र नुसते भातशेती म्हणून नोंदले गेले आहे. अशा वेळी किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा, जागेवरचा बांध आणि भरतीची रेषा पाहावी. कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) म्हणून कोणाचे नाव आहे का, हेही त्याच उताऱ्यावर तपासावे.

१४. खाजनात घर बांधता येईल का? वडिलोपार्जित जमीन असेल तर?

साधे उत्तर: नाही असेच समजून चालावे. वडिलोपार्जित असल्याने फरक पडत नाही. येथे तीन वेगवेगळे अडसर एकावर एक येतात. पहिला अडसर किनारी नियमनाचा. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी विशेष तरतूद आहे. तिच्यानुसार खाजन जमिनींचे नकाशे करायचे आहेत, तेथील खारफुटी राखायची आहे आणि खाजनात विकासकामांना परवानगी द्यायची नाही. दुसरा अडसर १९९१ च्या जमीन वापर नियमन कायद्याचा. कूळ कायद्याखाली मालकी मिळालेली जमीन शेतीशिवाय अन्य कामासाठी वापरता येत नाही. तिसरा अडसर प्रादेशिक आराखड्यातील शेती क्षेत्राचा.

भराव टाकून जमीन उंच केली म्हणून ती खाजन राहत नाही, हा युक्तिवाद टिकत नाही. उलट भराव हाच उल्लंघनाचा पुरावा होतो. खाजनाच्या आतला जुना वाडा, बांधावरील मंदिर किंवा क्रूस यांची दुरुस्ती हा वेगळा विषय आहे आणि तेथे गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आधी अर्ज करावा.

१५. मी शेतकरी नाही. गोव्यात खाजनातील भातशेत विकत घेऊ शकतो का?

२०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यांना हस्तांतरित करण्यावर बंदी आली आहे. काही अपवाद जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने आहेत आणि त्यांत जमीन शेतीसाठीच वापरण्याची अट असते. ‘आधी घ्या, मग रूपांतर करून देतो’ असे सांगणाऱ्या दलालावर विश्वास ठेवू नये. प्रश्न १४ मधील अडसर त्यानंतरही कायम राहतात.

१६. पणजीत मोठ्या पावसात पाणी का तुंबते? त्याचा खाजनाशी काय संबंध?

जवळचा संबंध आहे. मळा, सांत इनेज, ओरें खाडीचा परिसर हे भाग सखल आहेत आणि शहराचा काही भाग जुन्या दलदलीवर व शेतांवर वसला आहे. जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की नाल्यांच्या तोंडाशी मांडवीची पातळी वर असते, पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही आणि ते रस्त्यावर पसरते. तोच पाऊस ओहोटीला पडला तर तासा-दोन तासांत निचरा होतो.

खाजन ही अडचण पोयीने सोडवते: भरती असेपर्यंत पाणी साठवायचे आणि ओहोटीला सोडायचे. शहरात पोयींच्या जागा भरल्या गेल्या आणि नाले अरुंद झाले. आसपासच्या गावांत उरलेली खाजने भरली गेली, तर हेच पाणी तेथील घरांत शिरेल. समुद्राची पातळी वाढत असताना निचऱ्याचा ओहोटीचा काळ आणखी आखडत जाणार आहे, म्हणून भरतीच्या पाण्याला सामावणारी प्रत्येक मोकळी पोय मोलाची आहे.

१७. महाराष्ट्रातील खार जमीन आणि गोव्यातील खाजन यांत फरक काय?

तत्त्व एकच आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातही बांध आणि उघाडी, म्हणजे पाण्याचे दरवाजे, घालून खाऱ्या जमिनीत भात घेतले जाते, पनवेलला त्यासाठी संशोधन केंद्र आहे आणि केरळात पोक्काळी शेतीची अशीच पद्धत आहे. फरक व्यवस्थेत आहे. महाराष्ट्रात १९७९ च्या खारजमीन विकास कायद्यामुळे योजना आणि बंधारे मुख्यतः शासनाकडे आले, तर गोव्यात जबाबदारी आधी गावकारीकडे आणि नंतर कूळ संघटनेकडे राहिली. मानशीवरील मासळीचे उत्पन्न बांधासाठी वापरण्याची रीत हे गोव्याचे खास वैशिष्ट्य आहे. महाराष्ट्रातील जमिनीसाठी येथील कायदेशीर उत्तरे लागू करू नयेत.

१८. बांध फुटून बरीच वर्षे झाली. शेत परत मिळवता येते का?

किती वर्षे झाली आणि आत काय उगवले आहे, यावर ते अवलंबून आहे. एखाद-दुसऱ्या भरतीत पाणी शिरले आणि भगदाड लगेच बुजवले, तर एका चांगल्या पावसाळ्यात बरेचसे मीठ धुऊन जाते आणि पुढच्या हंगामात कोरगुट लावता येते. भगदाड जितके दिवस उघडे राहील तितके ते रुंद आणि खोल होते, कारण प्रत्येक ओहोटी तळातला चिखल ओढून नेते. म्हणून पहिल्या आठवड्यातले काम पुढच्या वर्षाच्या कामापेक्षा कितीतरी सोपे असते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, काम सुरू करावे आणि येत्या उधाणापूर्वी बांध पुरेसा उंच करावा.

अनेक वर्षे झाली असतील आणि आत खारफुटीचे दाट वन उभे असेल, तर प्रश्न १२ मधील कायदा लागू होतो आणि तेथे भात परत आणण्याचा आग्रह मी धरणार नाही. ते वन आता माशांची पैदास आणि काठाचे रक्षण करते. अशा जागी आतला दुसरा बांध भक्कम करून उरलेले शेत राखणे शहाणपणाचे. मधल्या अवस्थेत, म्हणजे खारफुटी तुरळक आणि शेत पडीक असताना, सर्व खातेदारांची सभा, मानशीची दुरुस्ती आणि वन खात्याची पाहणी याच क्रमाने जावे. एकट्या खातेदाराने आपल्या तुकड्यापुरता बांध घातला, तर शेजारच्या तुकड्यातून पाणी येतच राहते.